नजर बुवावर

गुरुदत्तबुवा मेस्त्री एरवीही एका जागी स्वस्थ बसणारे नव्हेत. पण वाहिनीने गाण्याच्या स्पर्धेच्या परीक्षकांची नावं जाहीर केली आणि त्यांच्या पायाला भिंगरीच लागली. लालबागच्या नव्या टॉवरमधलं त्यांचं घर ते केवढं, पण त्यात खिडकी ते दार आणि दार ते खिडकी अशा त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. एक परीक्षक शास्त्रीय गायक, मोठ्या घराण्याचे. दुसरा संगीतकार. इथवर ठीक होतं. तिसरी अंबिका जयकर.

"ही ती मालिकेतली खाष्ट सासू ना?" बुवांनी बायकोला विचारलं. "सुनेच्या दुधात काहीबाही टाकते ती? ती माझ्या जुईला मार्क देणार?"

मेघना गवार मोडत होती. "ती कशाला टाकेल? तिला लिहून देतात तसं करते बिचारी."

"तेच म्हणतोय मी! तिला सा कुठला नि प कुठला ह्याचा पत्ता तरी आहे का? मासळी निवडायला शाकाहारी माणूस बसवलाय ह्यांनी!"

"गवार संपत आली. हात लावा नाहीतर बसा तरी," मेघना म्हणाली. बुवांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

बुवांचं खरं आयुष्य संध्याकाळी सुरू व्हायचं. दिवसभर ते परळला एका औषधांच्या गोदामात खोकी लावून घेत, उतरवून घेत. संध्याकाळी मात्र ते बुवा. त्यांच्या वडिलांनी गिरणीतल्या गाववाल्यांना जमवून चाळीत भजनी मंडळ काढलं होतं. गिरणी गेली, चाळ गेली, मंडळ राहिलं. कोकणी माणसाला डबलबारी काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगायचं तर दोन बुवा समोरासमोर पेट्या घेऊन बसतात, आपापला कोरस मागे घेतात आणि एकमेकांना गाण्यातून टोले देत लोकांसमोर बाजी मारायला बघतात. गुरुदत्तबुवांनी अशा कितीतरी बाऱ्या गाजवलेल्या.

त्यांच्या मंडळात नियम एकच, पण कडक. नजर बुवावर. बुवाचे दोन्ही हात पेटीत अडकलेले, तेव्हा सगळा कारभार त्यांच्या भुवईवर चालायचा. भुवई वर गेली की ओळ उचलायची. हनुवटी खाली आली की सोडायची. ओठ मिटले की समजायचं, काहीतरी बिघडतंय, मुकाट्याने मागे फिरा. मंडळातल्या बाप्यांना हे अंगवळणी पडायला वर्षं लागली. जुई मात्र शाळेत जायच्या आधीपासून कोरसात बसत आलेली. बापाची भुवई तिला अक्षरांच्या आधी वाचता आली, आणि ह्याचा बुवांना कोण अभिमान! लोकांना ते कौतुकाने सांगत, "पोरगीला तोंडाने काही सांगावं लागत नाही."

आता ती एकोणीस वर्षांची होती आणि महाराष्ट्रभरातून निवडलेल्या गायकांमध्ये टीव्हीवर गाणार होती. बुवांना ती जिंकायला हवी होती. उगाच आढेवेढे कशाला, त्यांना ते स्वतःच्या श्वासापेक्षा जास्त हवं होतं.

लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या स्टुडिओत पहिलं शूटिंग झालं. आईवडिलांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, कारण रडणारे आईवडील कॅमेऱ्याला लागतात. जुईने अभंग गायला. सूर चोख, ताल चोख, शब्द स्वच्छ. बुवा खुर्चीच्या टोकाला बसून मनात तिच्याबरोबर गात होते. पंडितजी म्हणाले, तयारी उत्तम आहे. संगीतकार म्हणाला, कुठे बोट ठेवायला जागा नाही. दोघांनीही भरभरून मार्क दिले.

मग अंबिका जयकरने माइक घेतला. ती पडद्यावर दिसते त्यापेक्षा लहानखुरी होती आणि आवाजही साधा होता.

"जुई, मला गाण्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली, आणि बुवांनी मेघनाच्या कोपराला कोपर मारलं. "हे दोघं म्हणतात म्हणजे तू छानच गायली असशील. पण मला एक सांग, तू प्रत्येक ओळीनंतर खाली डावीकडे का बघत होतीस? मला सारखं वाटत होतं, तू कुणाला तरी विचारून विचारून गातेयस. मी तुला ऐकायला बसले होते आणि तू काही मला भेटली नाहीस गं."

तिने दहापैकी चार दिले. त्या चारामुळे जुई शेवटच्या दोघांत जाऊन पडली. ती आणि नाशिकचा एक मुलगा, दोघांनी पुढच्या खेपेला पुन्हा गायचं आणि त्यातल्या एकाने घरी जायचं, असं ठरलं.

त्या दिवसापासून बुवांच्या घरात जो तो अंबिका जयकरला शिव्या घालायला येऊ लागला. मंडळातला दगडू तर दारातूनच ओरडला, "त्या बायेक काय कळता रे? तिका म्हणावा, आधी टाळ धरून दाखव!" बुवांना बरं वाटायचं, पण तेवढ्यापुरतं. माणसं गेली की पुन्हा फेऱ्या सुरू. गोदामात त्यांनी खोकल्याच्या औषधाची खोकी मलमांच्या फडताळात लावली. वाहिनीच्या ऑफिसात जाऊन निर्मात्याला जाब विचारायचा, असं रोज सकाळी ठरवत आणि संध्याकाळपर्यंत तो जाब मनातल्या मनात इतका लांबत जाई, की कोणी निर्माता तो उभ्याने ऐकू शकला नसता.

त्यांची ही तगमग एका माणसाला मानवत नव्हती. राजरत्न कांबळे, नायगावचा, मंडळात ढोलकी वाजवणारा, बुवांचा शाळेपासूनचा दोस्त. मसाल्याच्या दुकानांवरून दोघं चालले होते आणि बुवांची टकळी चालू होती.

"बुवा, एक बोलू? भडकू नको," राजरत्न म्हणाला. "काळाचौकीच्या बारीत तू त्या वेंगुर्ल्याच्या बुवाला लोळवलास ना? निकाल कोणी दिला?"

"पब्लिकने."

"पब्लिक म्हणजे कोण? हमाल, ड्रायव्हर, मच्छीवाल्या. त्यांनी तुला डोक्यावर घेतलं तेव्हा तू बोललास का, की थांबा, आधी सरगम म्हणून दाखवा?"

"ती माणसं जन्मभर ऐकत आलीत रे. कान तयार असतो त्यांचा."

"बरोबर. मग हिचा डोळा तयार असेल. ती बाई धंदा काय करते? माणसं बघते नि तशी करून दाखवते. तिला जे दिसलं ते ती बोलली. खोटं बोलली काय?"

मित्राच्या तोंडून हे ऐकून बुवांना इतका संताप आला, की चहा न घेताच ते घरी आले.

घरी मेघना आणि जुई टीव्हीसमोर होत्या. पुढच्या भागाची जाहिरात लागली होती. वाहिनीवाल्यांनी त्यात जुईचं गाणं कापून वर ढणढण पार्श्वसंगीत घातलं होतं. जुई गाताना दिसत होती, ऐकू येत नव्हती. बुवांनी आयुष्यात पहिल्यांदा लेकीला न ऐकता नुसतं पाहिलं. तिची नजर खाली जाई, की पडद्यावर बुवांचा चेहरा. पुन्हा तिची नजर, पुन्हा बुवा. आणि तो चेहरा! बुवांना वाटत होतं, आपण प्रेमाने ऐकत होतो. पडद्यावर मात्र नाक्यावर गाडी अडवून कागद तपासणारा हवालदार बसावा तसा एक माणूस बसला होता. एके ठिकाणी जुईची मान वर गेली, तिचे डोळे कशानेतरी चमकले, ती कुठेतरी निघाली होती. लगेच पडद्यावर बुवांचे मिटलेले ओठ आले. लगेच जुईची मान खाली.

ती जागा बुवांना पक्की आठवत होती. अंतऱ्यात पोरगी वरच्या स्वरांकडे निघाली होती. तिथे धोका होता, म्हणून त्यांनी तिला परत बोलावलं होतं. परत आली तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं.

"हे नेहमीच असं होतं?" त्यांनी विचारलं.

मेघना टीव्हीकडेच बघत म्हणाली, "मला विचारताय? मी आमटीत मीठ घालतानासुद्धा तुमच्या तोंडाकडे बघते."

बुवा खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली पुलावरून गाड्या जात होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटल्याचा रागही आला. आपण हिला शिकवलं ते चुकलं की काय? सूर दिला, ताल दिला, सगळं दिलं, आणि वर पहारा बसवला. थोड्या वेळाने ते वळले.

"जुई, पुढच्या खेपेला गाताना माझ्याकडे बघायचं नाही. अजिबात."

"बरं, बाबा," जुई म्हणाली, आणि आपण बरोबर बोललो ना हे पाहायला तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

तेव्हा बुवांना कळलं, की नुसतं सांगून भागणार नाही.

शूटिंगच्या दिवशी मेघना एकटी पहिल्या रांगेत बसली. शेजारची खुर्ची रिकामी. सूत्रसंचालन करणाऱ्या पोरीने विचारलं तेव्हा मेघनाने बुवांची तब्येत बिघडल्याचं सांगितलं. बुवा सगळ्यात मागे, टाळ्या वाजवायला आणलेल्या प्रेक्षकांत, एका खांबाच्या आडोशाला बसले होते. टोपी घातली होती.

जुई गौळण गायला उभी राहिली. पहिली ओळ झाली आणि तिची नजर सवयीने खाली गेली. रिकाम्या खुर्चीवर अडखळली. आईकडे गेली, परत आली. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज कापला. बुवा अर्धे उठले. एक हाक, एक खोकला, टोपी काढून नुसतं उभं राहणं, एवढ्यानेही ती सावरली असती. "बसा ना काका, दिसत नाही," मागची बाई म्हणाली. बुवा बसले. बसताना त्यांना लेकीला भर समुद्रात सोडून आल्यासारखं वाटलं.

जुईने नजर उचलली. ती कुठे बघत होती देव जाणे, पण खाली बघत नव्हती. अंतरा आला, तीच वरची वाट आली आणि ह्या खेपेला ती गेली. बुवांनी शिकवलं होतं त्याच्याही पुढे गेली. आवाज फाटतो की काय असं वाटलं, फाटला नाही, आणि त्या उंचीवर ती चक्क रेंगाळली. बुवांच्या अंगावर काटा आला. त्याच वेळी त्यांच्यातला बुवा ओरडत होता, अगं सम, सम येतेय, फिर मागे! ती फिरली, पण उशिरा. समेवर पोचली तेव्हा तबला पुढे गेला होता. तिने कशीबशी ओळ पकडली आणि गाणं संपवलं.

टाळ्या थांबेनात. अंबिका जयकर काही बोललीच नाही. तिने डोळे पुसले आणि पूर्ण दहा दिले. संगीतकाराने मान हलवत कमी दिले. पंडितजी हळहळून म्हणाले, "बेटा, आज तू खूप आत नेलंस. पण सम चुकली. मी ते ऐकलं नाही असं कसं म्हणू?" त्यांनी सहा दिले.

खांबाआड बसलेल्या बुवांना कळत होतं, पंडितजी खरं बोलतायत. आपण त्या खुर्चीत असतो तर आपणही सहाच दिले असते. आणि अंबिका जयकरही खरं बोलत होती, तोंडाने नाही तरी. ह्या दोन्हींचं काय करायचं, हे काही त्यांना उमजेना. नाशिकच्या मुलाने बेताचं, पण बिनचूक गायलं. अर्ध्या मार्काने जुई बाहेर गेली.

बुवांच्या मनात एकच घोळत राहिलं. मी पुढे बसलो असतो तर ती राहिली असती.

गिरणीच्या फाटकाबाहेर ते उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. पोर रडत येणार, तिला काय सांगायचं? गाणं संपलं की जुई पेटीशी येऊन आधी विचारायची, बाबा, कसं झालं? आजवर एकदाही ती हे विचारल्याशिवाय राहिली नव्हती. बुवांनी उत्तर जुळवून ठेवलं. समेचं आत्ताच काढायचं नाही, आधी पाठीवर हात ठेवायचा.

जुई आईबरोबर आली. डोळे लाल होते, रडून झालं होतं. टोपीतल्या बापाला पाहून ती क्षणभर थांबली.

"तुम्ही आत होतात?"

"मागे होतो."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही. तिघं चालू लागले. चिंचपोकळीचा पूल आला तरी तिने विचारलं नाही. बुवांच्या तोंडात ते उत्तर तसंच राहिलं. शेवटी त्यांच्याच्याने राहवेना.

"जुई, तुला कसं वाटलं गं?"

"सम गेली. माहितेय मला. पण बाबा, वर गेले ना, तिथून मला खाली यावंसंच वाटेना." मग म्हणाली, "गुरुवारी भजनाला मी येईन. कोरसात नाही बसणार."

"मग कुठे बसणार?"

"पेटीवर. मला येते."

"बरं. आणि मी गं?" बुवा हसत म्हणाले.

"तुम्ही कोरसात," जुई म्हणाली.

बुवा मोठ्याने हसले. मेघनाकडे बघून पुन्हा हसले. मग त्यांनी जुईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ते हसायचे थांबले, आणि ती आता आणखी काय म्हणते ह्याची वाट बघत तिच्या तोंडाकडे बघत राहिले.