येथे सरकी ऐकतात

यवतमाळ जिल्ह्यात तीन गोष्टी अशा आहेत की एकदा अंगाला चिकटल्या की धुऊन जात नाहीत: वेचणीच्या दिवसांतला कापूस, राजूरच्या खाणीकडचा कोळसा आणि आमच्या बँडचे मॅनेजर. पहिल्या दोन गोष्टींनी निदान कपडेच खराब होतात. मॅनेजर चिकटले की माणूस मुळापासून बदलतो. त्याचा चालता-बोलता पुरावा म्हणजे मी. चालता मी आधीपासून होतोच; बोलता व्हायला जरा वेळ लागला.

मी मूळचा कोकणातला, कणकवलीच्या खालच्या अंगाचा. आठवीत शाळा सोडली आणि ऑक्टोपॅड वाजवत एका फिरत्या ऑर्केस्ट्राबरोबर निघालो. घरी सांगितलं, हॉटेलात काम लागलंय. ऑर्केस्ट्रा नेरला येऊन मोडला. मालक सामान भरून निघून गेला आणि सामानात माझी गणती नव्हती. स्टँडच्या बाकावर भूक विसरायला दोन्ही हातांनी मांड्यांवर ठेका धरून बसलो होतो, तर समोर सफारी घातलेला एक उंच गृहस्थ येऊन उभा राहिला. बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "मांडी फुटन बे लेका. जेवला का?" माझी मुलाखत आणि नेमणूक एवढ्यातच उरकली. त्या दिवसापासून मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहतो. आपल्याला इथून कोणी उठवणार तर नाही ना, ही धाकधूक मात्र उशाला घेऊनच झोपायची मला सवय.

मॅनेजरांचं, म्हणजे भाऊंचं (आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणतो) सगळं आयुष्य एका बियाण्याच्या कंपनीचा माल गावोगाव खपवण्यात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक देवळात बसतात, नातवंडं खेळवतात. भाऊंनी बँड घेतला. तांड्यावरची रोहिणी गायची, नेरचा प्रज्वल गिटार वाजवायचा आणि दोघांनी मिळून बँडला 'द रॉक रायडर्स' असं नाव दिलं होतं. भाऊंनी ते पहिल्याच दिवशी पुसलं. "रायडर? तुमच्यात एकाजवळ तरी गाडी हाये का? एक एसटीनं येते, एक पायदळ." मग डोळे मिटून म्हणाले, "सरकी. कापूस सारेच पाह्यते, पण पेराले सरकीच लागते." प्रज्वलने तोंड वाकडं केलं. पण भाऊंचा निर्णय म्हणजे पेरलेलं बी, उकरून परत पिशवीत भरता येत नाही.

बँडचा चेहरा घडवणं म्हणजे काय, हे आम्हाला त्यांनी बियाण्याच्या हिशेबात शिकवलं. फोटो काढायला भर कपाशीत उभं केलं आणि दम दिला, "हसाचं नाई. पिशवीवरचा शेतकरी हसते, म्हून त्याच्यावर कोणी भरोसा ठेवत नाई." शर्ट सगळ्यांना सारखेच, मांजरपाटाचे, बाभुळगावच्या एका शिंप्याकडून शिवून घेतले. त्या भल्या माणसाच्या हाताला शाळेच्या गणवेशाशिवाय दुसरं वळणच नव्हतं. शर्ट चढवून आम्ही रांगेत उभे राहिलो तेव्हा रोहिणीने विचारलं, "भाऊ, आता गाणं म्हणू का प्रार्थना?" भाऊ शांतपणे म्हणाले, "जे म्हणशीन ते सुरात म्हण." स्टँडवर उभ्याने समोसा खायचा नाही, हाही एक नियम होता. पोस्टरवरच्या माणसाने गालात समोसा कोंबला की पोस्टर फाटलं समजायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कितीतरी समोसे आम्ही रसवंतीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून खाल्ले आहेत.

त्यांची खरी करामत मात्र पाट्यांची. बियाण्याच्या कंपन्या रस्त्याकडेच्या चांगल्या शेतात पाटी रोवतात, की या शेतात अमुक वाण पेरलं आहे. भाऊंनी तीच युक्ती गावात आणली. कटिंगचं दुकान, पंक्चरवाला, दवाखान्याची भिंत, जिथे परवानगी मिळेल तिथे स्वतःच्या हाताने रंगवायचे: 'येथे सरकी ऐकतात.' एका पिठाच्या गिरणीवाल्याने हरकत घेतली. "भाऊ, इथं मले माह्या बायकोची हाक ऐकू येत नाई, तुमची सरकी कुठून ऐकू येईन?" दुसऱ्या कोणी ती थट्टा म्हणून सोडून दिली असती. भाऊंनी गिरणी बंद करायला लावली, दळणाच्या रांगेतल्या बायांसकट त्याला आमची दोन्ही गाणी ऐकवली आणि मगच ब्रश उचलला. "खोटी पाटी मी लावत नाई," म्हणाले.

तक्रारीच्या बाबतीत तर विचारू नका. राजूरच्या एका पोराने मोबाइलवर आमच्या गाण्याखाली लिहिलं, 'बाईचा आवाज आहे का फाटका भोंगा?' भाऊंनी उत्तर टाकलं, 'तक्रार मिळाली. येत आहे.' आणि खरंच स्कूटर काढून गेले! पोरगं घाबरून माजघरात लपलं. त्याच्या आईने चहा केला. भाऊंनी त्याला बाहेर बोलावून, शेजारी बसवून, नेमक्या कोणत्या ओळीला भोंगा वाटतो ते प्रेमाने विचारून घेतलं आणि परत येऊन रोहिणीला ती ओळ खालच्या पट्टीत घ्यायला लावली. गाणं खरोखर सुधारलं. तेव्हापासून राजूरकडून एकही वाकडा शब्द आला नाही. येतं ते फक्त 'छान' आणि पाठोपाठ 'घरी येऊ नका'.

आता माझं. आमच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांत होतं, 'अस्सल वऱ्हाडी मातीचा आवाज.' मी तोंड उघडलं की माती बदलायची. भाऊंनी त्यावर तोडगा काढला. "तू बोलूच नको. गूढ राह्य. लोकाइले गूढ माणूस आवडते." पोस्टरवर माझ्या नावाखाली गाव लिहिलं 'नेर' आणि मी चारचौघांत मुका झालो. चहा बोटाने मागायचा, हिशेब मानेने करायचा. बाभुळगावच्या एका म्हाताऱ्या आजीला माझी इतकी कणव आली की तिने वेखंड उगाळून मधात कालवून आणलं आणि स्टेजच्या मागे माझ्या जिभेला चोळलं. जीभ झणझणली, डोळ्यांत पाणी आलं, तरी मी हूं की चूं केलं नाही. लोकांना ते फार भारी वाटायचं. मला मात्र रोज वाटायचं, एक शब्द घसरला की आपलं बिऱ्हाड गच्चीवरून पुन्हा स्टँडच्या बाकावर.

आणि एक दिवस पुण्याहून गाण्याच्या कंपनीचा माणूस भाऊंच्या बैठकीत येऊन बसला. आमच्या गाण्यांचे व्हिडिओ काढायचे, राज्यभर कार्यक्रम करायचे, असं मोठं काम घेऊन आला होता. रोहिणी आणि प्रज्वल खुर्चीच्या टोकाला आले होते. त्याने एकच अट घातली. "टीम शंभर टक्के इथली पाहिजे. आम्ही तेच विकणार आहोत." मग माझ्याकडे बोट केलं. "याच्याबद्दल काही कळत नाही. हा इथलाच ना? तसं लिहून द्या. नसेल तर इथला एखादा मुलगा बसवू. ऑक्टोपॅड काय, कोणीही वाजवतो."

भाऊंनी एक सही केली की मी जन्मभर मुका. नाही केली तर मी बाहेर. तिसरी वाट मला दिसत नव्हती. भाऊंनी चहाची बशी खाली ठेवली.

"साहेब," ते म्हणाले, "पिशवीवर एक आन् आत दुसरं, त्याले आमच्या धंद्यात काय म्हणते, मालूम हाये?"

"काय?"

"बोगस. साऱ्या जिंदगीत मी बोगसवाल्याइले शिव्या देल्या. आन् ही पिशवी मीच शिवली." मग माझ्याकडे वळले. "बोल बे."

"काय बोलू?" मी विचारलं.

"अरे, हा बोलतो!" कंपनीवाला दचकला.

"तुयं गाव सांग."

मी सांगितलं. घाबरलो की माझी मालवणीच सुटते, तशी सुटली. "मी कोकणातलो. आठवीत शाळा सोडलंय. नेरात माका ह्येनी ठेवून घेतल्यानी."

"ऐकलं?" भाऊ म्हणाले. "पोट्टा जिथला हाये तिथलाच लिवू. आन् वाजवीन तोच."

मी रोहिणीकडे बघायचं टाळत होतो, कारण एवढी मोठी संधी तिची जात होती. तिनेच तोंड उघडलं. "कोणीबी वाजवते म्हणता ना, साहेब? मंग त्या कोणीबीले तुमच्या कंपनीतच ठेवा. माह्यं गाणं याच्या ठेक्यावर उभं हाये." प्रज्वलने एक मोठा सुस्कारा सोडला आणि कंपनीवाल्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. कंपनीवाला चहा संपवून गेला, तो परत आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ स्कूटरला चुन्याची बादली अडकवून गावोगाव फिरले. जिथे जिथे 'अस्सल' लिहिलं होतं तिथे तिथे स्वतः पुसलं. मी मदतीला येतो म्हटलं तर म्हणाले, "चूक माही हाये. तू घरी बस, ठेका पक्का कर." नव्या पोस्टरवर प्रत्येकाच्या नावाखाली त्याचं खरं गाव आलं. पुढचा कार्यक्रम होता बाभुळगावात. स्टेजवर चढता चढता भाऊ कानात म्हणाले, "आज तू बोलशीन." मी माइक धरला. स्वतःचं गाव सांगितलं आणि पुढे काय बोलावं ते न सुचून म्हणून गेलो, "माझ्या आवशीक अजून वाटता, मी हॉटेलात कामाक आसंय." मग मागून एक जण ओरडला, "सांगून टाक ना बे तिले!" आणि सगळं मैदान हसलं. त्या हसण्यात मी पहिला ठोका दिला, आणि सकाळी उठून आईला फोन लावला.

मोठी कंपनी काही आमच्या नशिबी आली नाही. वणी, पुसद, दारव्हा, असे आम्ही फिरतो, आणि लोक बोलावतात. कार्यक्रमाच्या वेळी भाऊ गर्दीच्या अगदी मागे असतात. गाणं ते ऐकतच नाहीत, लोकांचे चेहरे न्याहाळत असतात. हल्ली त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून आम्ही त्यांच्यासाठी खुर्ची ठेवतो. बाकी सगळा वेळ ते बसतात, पण माझी बोलायची पाळी आली की खुर्चीच्या पाठीचा आधार घेऊन उठतात आणि माझं संपेपर्यंत उभे राहतात. बसा ना, म्हणून किती विनवलं, तर म्हणतात, "बसून पीक दिसत नाई."

म्हणून मी आता थोडक्यात बोलतो.