पाडलेले चार खांब

श्री. यशवंतराव देवळे यांची माझी पहिली भेट रोह्यातल्या एका बालवाडीत झाली. पुराचे पाणी ओसरून काही आठवडे झाले होते. दुरुस्तीच्या कामाच्या उद्घाटनासाठी मी वर्तमानपत्रातर्फे गेलो होतो आणि संध्याकाळच्या आत बातमी द्यायची होती. देवळे जमिनीवर बसून भिंतीवर खडूने खूण करत होते. मी प्रश्न विचारताच त्यांनी मलाही खाली बसवले. "इथून बघा. खिडकी पूर्वीच्या जागी ठेवली तर पोरांना नुसतं आभाळ दिसेल. न्यायला आलेली आई दिसायला हवी." बातमीत उद्घाटकांचे नाव आले, खिडकीचे राहून गेले. त्याची रुखरुख लागून मी पुन्हा गेलो आणि हळूहळू त्यांच्या संस्थेचा कार्यकर्ताच झालो.

धाटावच्या एका कारखान्यात नानांनी बांधकामाच्या देखभालीची नोकरी केली. देवळ्यांना आम्ही सारे नानाच म्हणतो. निवृत्तीनंतर पेण आणि रोहा भागात वादळाने, पुराने पडलेल्या बालवाड्या, समाजमंदिरे, वाचनालये उभी करणे हेच त्यांचे काम झाले. लोकवर्गणी आणि गावाचे श्रमदान यांवर ते चालते. नानांचा स्वभाव मृदू आहे असे मी लिहिणार नाही. वाकडी वीट दिसली की ते गवंड्याशी दिवसभर बोलत नाहीत. मात्र तोच गवंडी आजारी पडला तेव्हा महिनाभर त्याला स्वतःच्या स्कूटरवरून दवाखान्यात नेणारेही नानाच होते.

त्यांची खरी ओळख मला कासूच्या पलीकडच्या एका खाडीकाठच्या गावात पटली. चक्रीवादळात तिथले समाजमंदिर भुईसपाट झाले होते. गावात दुसरी पक्की इमारत नव्हती; उधाण आले की माणसे तिथेच आसरा घेत. मिठागरात काम करणाऱ्या हिराबाईंनी मुलीचे लग्न नव्या समाजमंदिरात ठरवले होते आणि व्याह्यांना तसे सांगूनही टाकले होते.

आठांपैकी चार खांब भरून झाले, तेव्हा नाना चार दिवस रोह्याच्या कामावर होते. जाताना त्यांनी बजावले होते, "रेतीत माती आहे. धुऊन वापरा." परत आल्यावर त्यांना वाळलेल्या रेतीच्या ढिगावर पांढुरकी झाक दिसली. त्यांनी चिमूटभर रेती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"कशात धुतली?"

"खाडीत," हिराबाई म्हणाल्या. "तुमी बोललाव धुवा, आमी धुतली. डोक्यावर पाट्या वाहून कंबर मोडली."

"अहो, खाऱ्या पाण्यात? आतल्या सळ्या गंजतील!"

"मग काय टँकरच्या पान्यात धुवायची? प्यायला पानी नाय गावात, तो रेतीवर वतू? तुमच्या रोह्याला नदी हाय, नाना. तुमाला काय!"

"अगो हिरा, गप ना," कोणीतरी म्हणाले. नाना हातातली रेती झटकून त्या चार खांबांकडे निघाले.

संध्याकाळी बैठक झाली. आमच्याच एका विश्वस्तांनी सुचवले की खांब गिलाव्याने झाकून टाकावेत, लग्न होऊ द्यावे, पुढचे पुढे पाहू. नाना उभे राहिले. "चूक माझी आहे. धुवा म्हणालो, पाणी कुठलं ते विचारलं नाही. वादळात तुम्ही पोराबाळांना घेऊन याच छपराखाली येणार. हे खांब मी ठेवणार नाही." दुसऱ्या दिवशी चारही खांब पाडले. पहिला घण नानांनी घातला. हिराबाई पाठ फिरवून मिठागरावर निघून गेल्या.

लग्न अर्धवट बांधकामाशेजारी, अंगणात मांडव घालून झाले. व्याही कुरकुरले. नाना मागच्या रांगेत उभे होते आणि अक्षता पडताच निघाले. हिराबाईंनी त्यांना वाटेत अडवले. "जेवल्याबिगर जाशाल तर बघा! भांडान वेगला, जेवान वेगला."

नंतर बाहेरून आणलेल्या गोड्या पाण्यात रेती धुऊन नवे खांब भरले आणि समाजमंदिर पुरे झाले. पुढच्या पावसाळ्यात उधाणाने खाडीचा बांध फुटला. सारे गाव दोन दिवस त्या समाजमंदिरात राहिले. बाळंतपणासाठी माहेरी आलेली हिराबाईंची मुलगीही त्यात होती. त्यानंतर कोणत्याही गावात गेल्यावर नानांचा पहिला प्रश्न असतो, "पाणी कुठून भरता?" जागा ते नंतर बघतात.

पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी मी हिराबाईंना विचारले, नानांविषयी काय लिहू? त्या म्हणाल्या, "लिवा, माझे पोरीचे लग्नात यांनी खांब पाडले. नि लिवा, नातीचे लग्नाला यायलाच पायजे. आतमधे करनार हाव."

नात आज तीन वर्षांची आहे. नानांनी पंचाहत्तरी पूर्ण केली आहे. तिच्या लग्नापर्यंतची मधली वर्षे ज्याची त्याने मोजावीत. तेवढे आयुष्य, आणि त्या लग्नात मागच्या रांगेत ताठ उभे राहता येईल एवढी प्रकृती त्यांना लाभो. त्या वेळी मात्र त्यांनी जेवायला आपणहून थांबावे, वाटेत अडवावे लागू नये.