आतली कडी

आमच्या भागात कुणाची किल्ली हरवली, दार वाऱ्याने लागलं किंवा कपाट रुसलं, की सगळ्यांना आठवतात ते कुलूपवाले. कोपऱ्यावर, चष्म्याच्या दुकानाला चिकटून त्यांची टपरी आहे. गळ्यात भिंग, दातांत बारीक तार आणि तरीही तोंड चालू. "कुलपाला काही झालेलं नाही, ते कंटाळलंय," असं म्हणत ते बोलता बोलता खटका सोडवतात. माझे यजमान होते तेव्हापासूनचा घरोबा, म्हणून ते मला वहिनी म्हणतात आणि मी त्यांना भावजी.

अशा माणसाला एकच दार उघडेना, आणि तेही सख्ख्या धाकट्या बहिणीचं. ती माझ्या समोरच्याच घरात राहते, शिवणकाम करते, माझ्यासारखीच एकटी असते.

झालं असं, की एकदा तिने दुपारभर फोन उचलला नाही. भावजींच्या मनात नाही नाही ते आलं. धापा टाकत जिना चढले, घंटी वाजवली न वाजवली, तार घातली आणि दार उघडून थेट आत. त्यांच्या मागे आम्ही शेजारीपाजारी. बाईसाहेब केसांना काळा रंग फासून, डोक्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, खुर्चीत मस्त घोरत होत्या.

आम्ही हसलो. ती हसली नाही.

"मी मेले असं वाटलं का तुला?"

"अगं, काळजी वाटली."

"काळजी वाटली तर दाराला घंटी आहे. एकट्या बाईचं घर म्हणजे तुझी टपरी नव्हे, दादा, हवं तेव्हा उघडायला."

दुसऱ्याच दिवशी तिने भलत्याच दुकानातून महागडं कुलूप आणलं, आतून हातभर लांब कडी बसवून घेतली आणि भावाशी बोलणं टाकलं. कुलूप दुसऱ्याकडून घेतलं याचंच जास्त वाईट वाटतं, असं भावजी म्हणत. पण आईवडिलांच्या मागे त्यांना तीच एक होती, आणि ते टपरीवर पूर्वीसारखे बोलत नव्हते हे सगळ्यांनाच दिसत होतं.

त्यांनी फळं पाठवली, ती तिने माझ्याकडे आणून दिली. चर्चच्या फादरना मध्ये घातलं, तर तिने त्यांच्या झग्याची उसवलेली शिवण घालून दिली आणि विषय बदलला. दर रविवारी चर्चहून परतताना भावजी तिच्या दारावर थापा मारत आणि बाहेरूनच वकिली करत. मी किती घाबरलो होतो, माझं चुकलं तरी कुठे, वगैरे. दार ढिम्म.

मग एका रविवारी चर्चमध्ये बायबलच्या प्रकटीकरणातला तो उतारा वाचला गेला, प्रभू दाराशी उभा राहून ठोठावतो तो. संध्याकाळी भावजी माझ्याकडे चहाला आले.

"वहिनी, एक सांगा. प्रभूला किल्ली लागते का?"

"त्याला कशाला लागेल?"

"तेच म्हणतो मी. कबरेवरच्या धोंड्याने तो अडला नाही. शिष्य दारं लावून बसले होते, तिथेही मधोमध जाऊन उभा राहिला. मग याच दाराशी ठोठावत का थांबतो?"

"उघडता येतं म्हणून उघडायचंच असं नसतं, बहुतेक."

त्यांनी कप खाली ठेवला. "हे वचनाबद्दल म्हणालात, की मला?"

"चहा गार होतोय," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी थापा ऐकू आल्या नाहीत. बोटाच्या पेराने हलकेच टकटक झाली. "मी आहे," एवढंच ते म्हणाले, थोडा वेळ थांबले आणि जिना उतरून गेले. त्यानंतर दर रविवारी तसंच. ते गेले की बहीण कसलंतरी निमित्त काढून माझ्याकडे यायची.

"आज भाषण नाही झालं?"

"नाही."

"तब्येत बरी आहे ना त्याची?"

"तूच विचार की."

"मी कशाला विचारू," असं म्हणून ती माझी कात्री घेऊन गेली.

एका सकाळी तिच्या दारावर टकटक झाली, पण आतून. महागड्या कुलपात किल्ली तुटली होती आणि संध्याकाळी एका नवरीचा पोशाख पोचता करायचा होता.

"वहिनी, दादाला फोन करा. आणि सांगा, आज डोक्यावर पिशवी नाही."

भावजी आले. हत्यारांची पिशवी उघडली आणि दारावर टकटक केली.

"आता काय ठोठावतोस? उघडत नाही म्हणूनच तर बोलावलं."

"तरी विचारतो. हात लावू का कुलपाला?"

"लाव."

कुलपाने चांगलंच दमवलं. दुसऱ्या दुकानाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत, याला मी साक्षीदार आहे. अखेर खटका सुटला, पण दार हललं नाही. आतली कडी लागलेली होती. कडी बाहेरून सरकवायची पातळ पट्टी त्यांच्याकडे असते, माझ्याच घरी त्यांनी ती एकदा वापरली होती. त्यांनी हात पुसले, पिशवी बंद केली आणि ते एक पाऊल मागे सरले.

"माझं काम झालं. कडी तुझ्या हातात आहे."

भावजी पायपुसण्याकडे बघत उभे होते. मला वाटलं, आता ते नेहमीसारखे जिना उतरतील. तेवढ्यात कडी सरकल्याचा आवाज आला. लांब कडी ती, सरकायला वेळ लागला.

"जेवून जा," दारात उभी राहून ती म्हणाली. "आणि हे भिकार कुलूप काढून तुझं बसव."

"आणि कडी?"

"कडी राहू दे."

"राहायलाच हवी," भावजी म्हणाले.

त्या वचनाचा पुढचा भाग एकत्र जेवण्याचा आहे. ठोठावण्याच्या नादात आपण तो घाईने वाचून टाकतो. तिने माझंही ताट वाढलं. कापडाचे तुकडे बाजूला सारून भावजींनी खुर्ची ओढली. ती तीच खुर्ची होती. बसण्याआधी ते थांबले.

"इथे बसू ना?"

"बस," ती म्हणाली. "घोरू नकोस म्हणजे झालं."