उतरता खांदा

एम.ए.च्या मुलांचे निबंध तपासत होते. सायलीच्या कागदांत एक पान चुकून आलं होतं, ब्लाउजच्या मापांचं. ही मुलगी विद्यापीठात शिकता शिकता आपल्या खोलीवर मशीन टाकून ब्लाउज शिवते, एवढं मला ठाऊक होतं. छाती, कंबर, बाही, गळा. आणि एका नावापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘डावा खांदा उतरता. बोलायचं नाही. आतून पॅड लावायचं.’

मी लाल पेन खाली ठेवलं. तिच्याच निबंधावर नुकतंच ‘मांडणी विस्कळीत’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. दोष दिसणं हा आम्हां दोघींच्याही कामाचा भाग. पण इतकी वर्षं मी मुलांचे उतरते खांदे लाल वर्तुळात धरत आले, आतून काही लावून द्यायचं मात्र क्वचितच सुचलं.

दुसऱ्या दिवशी पान परत केलं तेव्हा ती ओशाळली.

“सॉरी मॅडम, घाईत मिसळलं.”

“असू दे गं. माझा एक ब्लाउज शिवशील?”

तिने लगेच पिशवीतून टेप काढली आणि स्टाफरूममध्येच माझी मापं घेतली. पाठीवरून टेप फिरवताना क्षणभर थांबली. मग वहीत आकड्यांशेजारी एक ओळ लिहिली.

“सगळं ठीक आहे ना?” मी विचारलं.

“एकदम छान, मॅडम,” वही मिटत ती म्हणाली.