बाबांची शिराळ्याची बहीण

सातारा स्टँडवरून पहाटेची एस.टी. सुटली, तेव्हा मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा होता आणि जीव नुसता उतावीळ झाला होता. नागपंचमीला शिराळ्याला न्या, असा हट्ट मी बारा वर्षं धरला होता. बाबांनी तो एकदाही पुरवला नाही. आता बाबाच नव्हते, आणि मी निघाले होते.

बाबा फौजदारी वकील. आरोपीची बाजू लढवण्यात त्यांची हयात गेली. गावात काही जण त्यांना 'चोरांचा वकील' म्हणत, तर बाबा हसून म्हणत, "सावांना वकील लागतो कशाला?" आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून वाई असो, कऱ्हाड असो, सांगली असो, जिथं कोर्ट तिथं मी. अशिलांच्या देखत कोर्टाच्या पायरीवर बसून बाबांनी माझ्या वेण्या घातल्यात. जेवताना मला साक्षीदार करायचे आणि लाडू कुणी संपवला याची उलटतपासणी घ्यायचे. "ऐकीव नको, पाहिलेलं सांग," हा त्यांचा नियम. मी बऱ्याचदा खोटी साक्ष दिली आणि दर वेळी पकडले गेले.

फक्त शिराळ्याला ते एकटे जात. त्या दिवशी त्यांचा नेहमीचा खिशातला चाकूही टेबलावर राहून जाई. विसरभोळे आहेत झालं, असं म्हणून मी त्या दिवशी माझ्या सगळ्या पेन्सिलींना टोक काढून घेई.

चैत्रात बाबा गेले. परवा त्यांची डायरी चाळताना श्रावणातल्या पंचमीपुढे लिहिलेलं दिसलं : 'शिराळा, जि. दक्षिण सातारा. बहीण.' जिल्ह्याचं नाव बदलून सांगली झालं, तरी बाबांच्या डायरीत ते बदललं नव्हतं. पण बाबांना बहीण नव्हतीच!

त्यांचे जुने कारकून गणूकाका यांना गाठलं. ते म्हणाले, "येसाबाई. बारा वर्षांपूर्वी पंचमीच्या दिवशी शिवारात एका माणसाचा कोयत्यानं खून झाला. आळ हिच्या भावावर आला. त्या गावात पंचमीला कुणी हत्यार हातात धरत नाही, असं साहेबांनी परोपरीनं सांगितलं. कोर्ट म्हणालं, रूढी म्हणजे पुरावा नव्हे. जन्मठेप झाली. ती कोर्टाच्या पडवीत रडत होती, आता पंचमीला भावाचा उपास कुणासाठी धरू म्हणून. साहेब म्हणाले, भाऊ सुटेपर्यंत तुझा उपास सोडायला मी येईन."

"मग तिला बाबांचं कळवलं का?"

"तिला वाचता येत नाही. असली बातमी परक्यानं वाचून दाखवायची?" काका डोळे पुसत म्हणाले. "वकीलसाहेब उंबऱ्यात आल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नाही. यंदाही तशीच बसेल."

म्हणून ही धावपळ. एका बाजूला नवी कोरी आत्या भेटणार म्हणून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि दुसऱ्या बाजूला तिला काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होते.

कऱ्हाडला गाडी बदलली. स्टँडवर कोवळी काकडी घेतली. गाडी पेठ नाक्याजवळ आली तेव्हा भुकेनं कासावीस होऊन पिशवीतून बाबांचा चाकू काढला. ते गेल्यापासून तो मी जवळच ठेवते. पातं उघडलं मात्र, शेजारची म्हातारी ओरडली, "आवं बाई, काय करताय! पंचमी हाय आज!"

"आज चिरत न्हाईत, कापत न्हाईत, तवा बी ठिवत न्हाईत," मागून एक फेटेवाला गरजला. कंडक्टर तिकिटं सोडून धावत आला. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. कुणीतरी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं!

आमच्या घरात थोरलं बाईमाणूस नाही. ही रीत मी ऐकून होते, पाळली कधीच नव्हती. मी शरमेनं चाकू मिटून रुमालात गुंडाळला. म्हातारी निवळली. "नागाला लागतं बाई. दातानं मोडून खा की," म्हणाली. तशीच खाल्ली, आणि अर्धी तिलाही दिली.

शिराळ्यात उतरले आणि भूक, शरम सगळं विसरले. काय ती गर्दी! हलगी कडाडत होती, बैलगाड्या सजल्या होत्या, गाडीत मडकी, आणि मडक्यात जिवंत नाग! एका गड्यानं मडक्याचं फडकं सोडलं, तसा भुजंग हातभर उभा राहिला. फणा सुपाएवढा वाटला मला. मी किंचाळून मागे सरले ती एका पैलवानाच्या पायावर. "भ्या नगा, ताई. पाव्हणा हाय आजचा," तो म्हणाला. बायका नागापुढे लाह्या उधळत होत्या, हळदकुंकू वाहत होत्या. दिवसभर उभी राहिले असते, पण येसाबाई उपाशी होती.

"वकिलाची बहीण ना? त्या वड्याच्या (ओढ्याच्या) पलीकडं," मी एका पोराला येसाबाईचं घर विचारलं, तर त्याच्या आजीनंच लगेच सांगितलं. गावाला ठाऊक होतं, मलाच नव्हतं.

दारात सारवलेलं अंगण, भिंतीवर चंदनानं काढलेले नाग, चुलीवर दिंडांचं (पुरण भरून उकडलेल्या पोळीच्या घड्यांचं) वाफाळतं मोदकपात्र. उंबऱ्याशी एक उंच, वाळलेली बाई रस्त्याकडे डोळे लावून बसली होती. ओठ सुकलेले.

पुन्हा चूक नको, म्हणून मी रुमाल सोडून चाकू अंगणातल्या दगडावर ठेवला. "मी सातारच्या वकिलांची मुलगी," एवढंच बोलले.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग चाकूकडे.

"ह्योच त्यो चाकू न्हवं? दरसाल त्ये टेबलावर ठिवून यायचं," ती हळू म्हणाली. "म्हनायचं, येसा, चाकू घरी ठेवून आलोय गं. आज चाकू आला, वकीलदादा न्हाई आलं. कवा गेलं, पोरी?"

"चैत्रात." बाबा विसरभोळे नव्हते, एवढं त्या अंगणात मला कळलं. दोघी गळ्यात पडून पोटभर रडलो.

पाणी पुढे केलं, तर तिनं मान फिरवली. "एक भाऊ तुरुंगात, एक देवाघरी. उपास सोडू तरी कुनाच्या हातानं?"

मी बाबांपुढे उभी राहायची तशी उभी राहिले. "आत्या, आज गाडीत मी हा चाकू उघडला. अख्खी एस.टी. ओरडली, गाडी थांबवायला निघाली. एवढ्याशा चाकूला! तुमच्या भावानं भर शिवारात कोयता उचलला असता, तर सगळा गाव ओरडत धावला असता. हे ऐकीव नाही. मी पाहिलंय."

तिचे डोळे भरून आले. "वकीलदादा बी ह्येच म्हनायचं. पर त्यास्नी साक्षीदार मिळाला न्हाई."

"मी आहे ना!"

तिनं तोंड उघडलं. मी पेढा भरवला. मग तिनं मला एकामागून एक पाच दिंडं खायला लावली, तुपात बुडवून. सहावं नको म्हटलं तर, "तुझा बा सात खायाचा," म्हणाली. हे मात्र ऐकीव होतं, पण मी मान्य केलं.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. इतकी वर्षं वाटायचं, बाबांनी मला या जत्रेपासून दूर ठेवलं. आता वाटतं, हरलेली केस लेकीला दाखवायला ते लाजत असावेत. वेडे कुठले! त्यांच्या जिंकलेल्या कुठल्याही केसपेक्षा मला आज त्यांचा जास्त अभिमान वाटत होता.

दिवेलागणीला घरी पोचले. गणूकाका ओसरीवरच होते. "जेवली का?" त्यांनी विचारलं.

"जेवली," म्हटलं, आणि आत जाऊन चाकू बाबांच्या टेबलावर ठेवला. पंचमी सरायला अजून वेळ होता.