कोपऱ्यातली टेकडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि ते तर शेवटपर्यंत त्याच बागेत खुर्ची टाकून चहा घ्यायचे. आता तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. सांगतेय, एवढंच.

आम्ही मुलुंडला तळमजल्यावर राहायचो. गिरण्या बंद पडल्या, त्यानंतरची ती वर्षं. आमच्या आणि शेजारच्या सावंतांच्या घरामागे मिळून जमिनीचा एकच पट्टा होता — विटांचे तुकडे, रेती, वरच्या मजल्यांवरून भिरकावलेला कचरा. शाळेत शिकवून घरी आले की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या उकिरड्याकडे बघत राहायचे. मला बाग हवी होती. माळी परवडणारा नव्हता. म्हटलं, आपणच करू.

बाग मी एकटीने केली, असं पुढे मी सगळ्यांना सांगायचे. तेही खोटंच. अर्धी बाग नलूने केली.

नलू सावंत. कणकवलीकडची, माझ्याच वयाची. नवरा गिरणीतून घरी बसला, मग साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये मिळेल ते काम करायला लागला. घर चालायचं ते नलूच्या शिलाई मशीनवर. मागच्या खोलीत तिचं मशीन, आणि भिंतीला लागून फळीवर गिऱ्हाइकांच्या कापडांचे गठ्ठे. तरी दुपारी मशीन थांबवून ती माझ्याबरोबर बाहेर यायची. शेजारच्या प्लॉटवर पाया खणत होते, तिथली माती आम्ही दोघींनी घमेल्यांनी वाहिली. सावंतांनी फुटक्या लाद्या आणून दिल्या, त्यांची पायवाट झाली. पाडलेल्या बंगल्याची कौलं उभी रोवून वाफे केले. मासे धुतलेलं पाणी नलू आठवणीने माझ्या गुलाबाला घालायची. कमरेवर हात ठेवून म्हणायची, "अगो, झकास दिसता हां!"

आता ते — कोपऱ्याचं.

जमिनीचा उतार सावंतांकडून आमच्याकडे होता. आमच्या टोकाला कंपाउंडच्या भिंतीत, अगदी खाली, एक भोक होतं. दोन्ही घरांमागचं पावसाचं पाणी त्यातून बाहेरच्या गटारात जायचं. गवताने ते झाकलं होतं, कुणाच्या लक्षातही नव्हतं. मला दिसलं, कारण मी गवत उपटलं. आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात मला दगडांची टेकडी करायची होती — नेचे लावलेली, एका मासिकात बघितलेली. नलू त्या दुपारी ब्लाउज पोचवायला गेली होती. मी भोकापुढे जरा वेळ बसले. मला कळत होतं का? हो. पाणी कुठे जाईल, हे कळायला इंजिनियर लागतो का? मी त्यात दगड ठोकला, वरून सिमेंट लिंपलं आणि टेकडी रचली.

पावसाळ्यात आमची बाग अशी हिरवीगार झाली की काय सांगू. भिंतीलगतची चर सोडून सगळीकडे भर घातल्यामुळे आमची बाजू उंच झालेली — आमच्याकडे थेंब साचला नाही. सगळं पाणी चरीतून मागे फिरून सावंतांच्या भिंतीशी तुंबलं. श्रावणापर्यंत नलूच्या मागच्या खोलीचे पोपडे सुटायला लागले. सावंतांनी बाहेरून गिलावा करून घेतला. पुन्हा ओल. सोसायटीत सगळे म्हणाले, बिल्डरने वाट लावली, मालच हलका वापरलाय. मीही म्हणाले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाले.

नलूने एकदाच विचारलं. माझ्याच दारात उभी राहून, हळू आवाजात — "ह्या तुझ्या बागेचा पाणी तर नाय मगो? रागावू नको हां, इचारलंय आपला."

मी म्हणाले, "छे गं! माझं पाणी सरळ गटारात जातं. ते बाहेरचं गटारच तुंबलंय."

तिने लगेच मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी — हे मला आजही सहन होत नाही — दुसऱ्या दिवशी ती वाटीभर सोलकढी घेऊन आली. विचारल्याची लाज वाटली म्हणून.

तेव्हा तरी दगड काढता आला असता ना? एका दुपारचं काम. पण पंधरा ऑगस्टला सेक्रेटरींनी सगळ्यांना बाग दाखवायला आणलं होतं. बायका त्या टेकडीपुढे उभ्या राहून माझं कौतुक करत होत्या. नलूही त्यांच्यात होती. आता टेकडी फोडायची, तर का फोडली ते सांगावं लागणार — मी रोज एवढाच विचार करायचे, आणि रोज झाडांना पाणी घालून घरात जायचे.

पुढच्या पावसाळ्यात कापडांना बुरशी लागली. कुणाच्या तरी लग्नातला शालू फॉल लावायला आला होता, त्याच्यावर डाग पडले. बाईने बिल्डिंगभर आरडाओरडा केला. नलू खाली मान घालून उभी होती. मी माझ्या दारात होते. मग एकेक गिऱ्हाईक सुटलं. तिच्याकडच्या ब्लाउजना कुबट वास येतो, असं बायका बोलायला लागल्या. आणि मी? मीही माझे ब्लाउज स्टेशनजवळच्या टेलरकडे टाकले. ते तिने बघितलं. पिशवी माझ्या हातात होती. म्हणाली, "पाऊस येतलो, छत्री घेऊन जा गो."

त्या दिवाळीनंतर सावंतांनी घर विकलं आणि ते गावी गेले. मशीन टेम्पोत चढवायला मी हात लावला. नलू माझ्या गळ्यात पडून रडली.

ते गेल्यावर चारच दिवसांत मी टेकडी उकरली. भर दुपारी, एकटीने. दगड निघेना, तर पहारीने फोडला. पुढच्या पावसात पाणी आपल्या वाटेने धो धो बाहेर गेलं. नव्या शेजाऱ्यांनी रंग काढला. एक दिवस त्या घरातली बाई मला म्हणाली, "आम्हाला तर सगळ्यांनी घाबरवलं होतं हो, पण घर अगदी कोरडं आहे. त्या आधीच्या लोकांनाच नीट ठेवता आलं नसेल."

मी "हो" म्हणाले.

नलू अजून आहे. गावीच असते. पत्ता माझ्याकडे आहे. कणकवलीला दोनदा लग्नाला जाऊन आले. तिच्या घराकडे जाणाऱ्या फाट्यावर रिक्षा उभ्या होत्या. मी बसले नाही.