सेल्वम मेस्त आणि पंधरा वर्षांचा दाखला

शेजार असला की किस्से आपोआप साठतात, आणि माझ्यासारखी खिडकीत बसणारी असली तर विचारूच नका! आमच्या डिचोलीतल्या सेल्वम मेस्ताचे कितीतरी आहेत माझ्याकडे. तमिळनाडूकडचा माणूस, देवळांच्या शिखरांवर सिमेंटच्या मूर्ती करायचा. हल्ली मात्र सांगता सांगता मध्येच थांबते मी.

*

एकदा त्याने अंगणात शिखरासाठी गंधर्व केला. डोकं हे एवढं मोठं! मी म्हटलं, "मेस्ता, ह्याला गालगुंड झालंय काय?"

म्हणाला, "वैनी, जमिनीवर झोपून बघा."

झोपले. खालून डोकं अगदी बरोबर दिसत होतं. नेमके तेव्हाच आमचे हे बाजारातून आले. चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

*

रेशनच्या दुकानात मशीन त्याचा अंगठा घेईना. चुना-सिमेंट कालवून बोटं काचेसारखी गुळगुळीत झालेली. दुकानदार म्हणाला, "मेस्ता, दुसरा अंगठा लाव."

"तोही देवळावरच राहिला," मेस्त म्हणाला.

सगळे हसलो. तोही हसला. पिशवी रिकामीच घेऊन परतला.

*

त्याची मीना बारावी पास झाली. नर्सिंगची सीट हवी तर बाप गोव्यात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला हवा. मेस्ताकडे पहिल्या दोन वर्षांचा एक चिटोरा नव्हता. खोलीच्या मालकाने कधी काही लिहून दिलं नव्हतं.

ऑफिसात मीही गेले, मला कोण अडवणार! क्लार्कच्या घरच्या गेटावरचे सिंह मेस्तानेच केलेले. ते मी बोलूनही दाखवलं.

क्लार्क शांतपणे म्हणाला, "सिंव बरे आसात, वैनी. पूण तांचेर तारीख खंय आसा?" खरंच, सिंहांवर तारीख कोण घालतो!

*

तेव्हा मेस्ताला आठवलं. त्यांच्यात मूर्ती पोकळ करतात आणि बुजवण्याआधी पोटात कागद ठेवतात. त्यावर तारीख, गाव, कारागिराचं नाव. गोव्यात आल्या वर्षी हरमलकडच्या एका देवळावर त्याने चवरीवाली, म्हणजे देवाला चवरी ढाळणारी बाई, बसवली होती. तिच्या पोटातल्या कागदावर तर देवळाच्या कमिटीच्या तेव्हाच्या अध्यक्षांची सहीसुद्धा होती. कमिटीला विचारलं. ते म्हणाले, फोड, नंतर दुसरी करून दे.

फॉर्मचा शेवटचा दिवस दुसऱ्याच दिवशी. मेस्त, मीना आणि मी, आम्ही तिघं गेलो. मेस्त हातोडी-छिन्नी घेऊन शिडी चढला. मूर्तीचे डोळे तो सगळ्यात शेवटी कोरायचा, आणि एकदा कोरले की तिला हत्यार लावायचं नाही, अशी त्यांची रीत. मीनाला ते ठाऊक होतं. तिने मान खाली घालून शिडी धरली होती.

बराच वेळ ठोकल्याचा आवाज आला नाही. मग वरून शेवाळाचे ओले तुकडे पडायला लागले. कुणीतरी तोंड पुसून द्यावं तसे, हळूहळू.

मेस्त कागद न घेताच खाली आला. मीनाने त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. एकच शब्द.

त्याने हातोडी-छिन्नी शिडीपाशी ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाला, "वैनी, ती बघत होती."